‘त्याला जरा सांगावं लागतं’ हे फॉर्मवर कसं लिहायचं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. आमचा मुलगा नुकताच 16 वर्षांचा झाला. त्याला लहानपणापासून लर्निंग डिसॅबिलिटी (शिकण्या-समजण्यातलं अपंगत्व) आहे, शाळेत ईएचसीपी (त्याला लागणाऱ्या खास मदतीचा अधिकृत आराखडा) आहे. आजवर डीएलए हा अपंग मुलांसाठीचा सरकारी भत्ता मिळायचा. आता तो बंद होणार म्हणून पिपचा, म्हणजे मोठ्यांसाठीच्या अपंगत्व भत्त्याचा, अर्ज केला, तर हा जाडजूड फॉर्म घरी आला. रोज रात्री जेवणं आटपली की घेऊन बसते. प्रत्येक प्रश्नाखाली ही एवढी मोठी चौकट, आणि मला सुचतं एकच वाक्य: ‘त्याला लर्निंग डिसॅबिलिटी आहे, त्याला जरा सांगावं लागतं.’ हातपाय धड आहेत. आंघोळ करतो, कपडे घालतो, बसने शाळेत जातो, मॅगीसुद्धा करतो. मग लिहू काय? यांचं म्हणणं, ‘पोरगा सगळं करतो. उगाच त्याला वेडा ठरवून सरकारपुढे हात पसरू नकोस.’ सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणतात, होईल हळूहळू. मलाही त्याच्याबद्दल वाईटसाईट लिहायला हात धजावत नाही. पण मागच्या महिन्यात रस्त्याच्या कामामुळे बस वळवली, तर हा शेवटच्या स्टॉपपर्यंत तसाच बसून राहिला. मी दोन दिवस घरात नसले की काय होतं ते माझं मला माहीत. मला खोटं लिहायचं नाही. खरं कसं लिहू ते सांगा.
– एक आई

उत्तर

ताई,

‘मी दोन दिवस घरात नसले की काय होतं’ हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत. फॉर्मला नेमकं तेच हवं आहे. सुरुवातीच्या पानांवर अपंगत्वाचं नाव विचारतात, ते लिहून मोकळं व्हायचं. त्या नावाला एकही गुण नाही. एकच निदान असलेल्या दोन मुलांपैकी एकाला पूर्ण पिप मिळतं आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं होऊ शकतं. कारण गुण मिळतात ते रोजची बारा कामं माणूस दुसऱ्याच्या मदतीशिवाय करू शकतो का, यावर. त्यातली दहा घरातली आणि व्यवहारातली, म्हणजे रोजच्या जगण्याच्या भागातली: स्वयंपाक, खाणं, औषधपाणी, आंघोळ, शौच, कपडे, बोलणं आणि समजणं, वाचणं, लोकांत मिसळणं, पैशांचे निर्णय. उरलेली दोन बाहेर पडण्याच्या भागातली: प्रवास ठरवून तो पार पाडणं, आणि प्रत्यक्ष चालणं.

तुमच्या घरात ही मदत करणारं माणूस म्हणजे तुम्ही. इतकी वर्षं करता आहात की ती मदत आहे हेच तुम्हाला दिसेनासं झालंय, आणि म्हणून चौकट रिकामी राहते. तेव्हा मुलाचे दोष आठवत बसू नका. दिवसभरात तुम्ही त्याच्यासाठी काय काय करता ते आधी लिहून काढा. मराठीत लिहा, फोनवर बोलून ठेवा, कसंही. इंग्रजी नंतर होईल, त्याला कुणीही मदत करेल.

एकच सकाळ घ्या. त्याला उठवतं कोण, आणि किती वेळा? कपडे पलंगावर काढून कोण ठेवतं? नाही ठेवले तर जानेवारीच्या थंडीत तो काय घालून बाहेर येतो? शॉवरचं पाणी कोण लावून देतं? दाराबाहेरून ‘साबण लावलास का, डोक्यातला शाम्पू गेला का’ असं विचारावं लागतं का? न विचारल्यास शाम्पू केसांत तसाच राहतो का? दात घासायला सांगितलं की घासतो, पण न सांगता घासतो का? नाश्ता झाल्यावर डबा, बसपास, फोन दप्तरात कोण टाकतं? या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजे फॉर्मवरची एक ओळ.

आता तुमच्या त्या एका वाक्याकडे येते, कारण त्यात तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ काही आहे. पिपच्या 2013 च्या नियमांत मदतीचे तीन प्रकार वेगवेगळे धरले आहेत. हात लावून प्रत्यक्ष करून देणं हा एक. काही इजा होऊ नये म्हणून पूर्ण वेळ शेजारी उभं राहणं हा दुसरा. आणि आठवण करून देणं, समजावून सांगणं, मागे लागून करवून घेणं हा तिसरा. तुमचं ‘जरा सांगावं लागतं’ ते हे तिसरं. त्याला गुण आहेत. सांगितल्याशिवाय साधं जेवण बनवत नसेल तर 2, आंघोळ करत नसेल तर 2, कपडे घालत नसेल किंवा योग्य कपडे निवडत नसेल तर 2, लोकांशी बोलायला मिसळायला कुणीतरी प्रोत्साहन द्यावं लागत असेल तर 2. हे झाले 8, आणि रोजच्या जगण्याच्या भागाचा साधा दर 8 गुणांवर सुरू होतो. 12 झाले तर वाढीव दर. म्हणजे तुम्ही ज्याला ‘जरा’ म्हणता, ते चार ठिकाणी नीट लिहिलं तर त्याचा मुलाच्या भविष्यावर एवढा परिणाम होतो. न लिहिलं तर वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही.

पण नुसतं ‘सांगावं लागतं’ लिहून भागत नाही. किती वेळा सांगावं लागतं, काय शब्दांत, आणि न सांगितल्यास काय होतं, हे तिन्ही हवं.

त्याचबरोबर एक कसोटी सतत डोक्यात ठेवा. एखादं काम ‘येतं’ असं तेव्हाच धरतात, जेव्हा ते माणूस सुरक्षितपणे करतो, चालण्याजोगं नीट करतो, लागेल तितक्या वेळा पुन्हा पुन्हा करू शकतो, आणि इतरांना लागतो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ घेत नाही. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर ते काम त्याला येत नाही असंच मानायचं. आणि अडचण निम्म्याहून अधिक दिवस असावी लागते. तुमच्या मुलाची रोजची आहे, त्यामुळे ‘कधी कधी’, ‘थोडंसं’, ‘तसं बरं आहे’ हे शब्द फॉर्ममध्ये येऊ देऊ नका. आपल्या बोलण्यात ते सवयीने येतात, पण वाचणारा त्यांचा अर्थ ‘क्वचित’ असाच घेतो.

स्वयंपाकाचा प्रश्न मी जरा सविस्तर घेते, कारण बहुतेक घरांत गुण तिथेच निसटतात. ‘मॅगी करतो’ असं तुम्ही लिहिलंत. फॉर्मला मॅगी अभिप्रेत नाही. ताज्या जिनसांतून एका माणसापुरतं शिजवलेलं साधं जेवण करता येतं का, असा प्रश्न आहे. म्हणजे निवडणं, धुणं, चिरणं, शेगडी पेटवणं, शिजलं की नाही ते ओळखणं, सगळं आलं. मनातल्या मनात त्याला पोहे करायला उभं करा. पोहे किती भिजवायचे आणि पाणी कधी काढायचं हे त्याला कळतं का? कांदा चिरताना बोटं कुठे ठेवतो? तेल तापलं हे त्याला कसं कळतं, की धूर येईपर्यंत वाट बघतो? मोहरी तडतडायला लागली की काय करतो? हळद-मीठ घालायचं लक्षात राहतं का? मध्येच फोन वाजला तर शेगडी चालू ठेवून निघून जातो का? शेवटी शेगडी कोण बंद करतं?

मग फॉर्मवर ‘त्याला स्वयंपाक नीट येत नाही, मदत लागते’ असं न लिहिता असं काहीतरी लिहा, अर्थात तुमच्या घरात खरं असेल तेवढंच: ‘तो एकटा कधीच स्वयंपाक करत नाही, कारण आम्ही करू देत नाही. मी शेजारी उभी असताना त्याने पोहे करून पाहिले. एक पायरी सांगितली की ती करतो आणि थांबतो, पुढची सांगितल्याशिवाय सुचत नाही. तेल धुमसायला लागलं तरी तो कढईकडे बघत उभा होता, शेगडी मी बंद केली. सुरी कशी धरायची ते दर वेळी नव्याने दाखवावं लागतं. वीस मिनिटांच्या कामाला तासभर लागला. पाण्यात करायचं मॅगी तो मायक्रोवेव्हमध्ये करतो, तेही किती मिनिटं लावायची ते मी कागदावर लिहून चिकटवलंय म्हणून.’ हे वाचल्यावर वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. नुसती आठवण पुरत नाही, कुणीतरी पूर्ण वेळ शेजारी लागतं हे यातून स्पष्ट होतं, आणि त्याला 2 ऐवजी 4 गुण आहेत.

‘आम्ही करू देत नाही’ हे लिहायला बिचकू नका. तो ते काम करतो का यापेक्षा त्याला सुरक्षितपणे ते जमलं असतं का, हे महत्त्वाचं. मदत प्रत्यक्षात मिळते की नाही यावरही काही अवलंबून नाही, मदतीची गरज आहे का एवढंच बघतात.

बोलणं-समजणं आणि वाचणं या दोन प्रश्नांत आपल्या लोकांची हमखास गफलत होते. हे दोन्ही प्रश्न माणसाच्या स्वतःच्या भाषेपुरते आहेत. इंग्रजी कमी येतं म्हणून अडतं, याला गुण नाहीत. आणि फॉर्मवर मराठी नाव बघून, घरी मराठी बोलतात हे ऐकून कुणी असा समज करून घेऊ नये, म्हणून तुम्हीच आधी लिहा की तो इथेच शाळेत शिकला आणि हीच अडचण मराठीतही आहे. आजी व्हिडिओ कॉलवर एखादी हकीकत सांगते तेव्हा त्याला काय समजतं? ‘वर जा, निळी पिशवी घे, आणि येताना दिवा बंद कर’ असं एका दमात सांगितलं तर तो काय घेऊन खाली येतो? एकापेक्षा जास्त वाक्यांत सांगितलेलं समजायला त्याची सवय असलेलं माणूस लागतं, तेच सोपं करून तुकड्यातुकड्यांत सांगावं लागतं, असं असेल तर तिथे 4 गुण आहेत. वाचण्याचंही तसंच. त्याला अक्षरं वाचता येतात म्हणून ‘वाचतो’ असं लिहू नका. शाळेतून आलेलं चार ओळींचं पत्र वाचून त्याने काय करायचं ते तो सांगू शकतो का, ते पाहा.

पैशांच्या प्रश्नात आता एक नवी मेख आहे. कार्ड टेकवून पैसे देता येतात, त्यामुळे मुलगा व्यवहार करतो असं वरवर दिसतं. त्याला विचारा, किती पैसे गेले? किंमत न बघताच टेकवलं असेल तर तो हिशेब झाला नाही. दहा पाउंडांची नोट दिल्यावर किती परत यायला हवेत, हे त्याला सांगता येतं का? कुणी मागितलं म्हणून फोन, पैसे, जॅकेट देऊन टाकलं असं कधी घडलंय का? घडलं असेल तर लिहा, महिना-वर्षासकट.

आणि तुमच्या बसचा प्रसंग. ताई, प्रवासाच्या प्रश्नाखाली लिहायला याहून चांगला दाखला नाही. ओळखीच्या रस्त्याने रोज जातो, एवढ्याने ‘प्रवास जमतो’ असं ठरत नाही. रस्त्याचं काम, हललेला बसस्टॉप अशा नेहमीच्या छोट्या अडचणी निभावता येतात का, हेही डीडब्ल्यूपीच्या (पिप देणाऱ्या सरकारी खात्याच्या) स्वतःच्या मार्गदर्शनाप्रमाणे बघायचं असतं. कोणता दिवस, कुठे बस वळली, तो कुठे पोहोचला, कुणाचा फोन आला, आणायला कोण गेलं, घरी आल्यावर त्याची काय अवस्था होती, सगळं लिहा. हा रस्ता तुम्ही त्याला कसा शिकवला, किती काळ सोबत जात होतात, हेही. अनोळखी रस्त्याने तो सोबतीशिवाय जाऊच शकत नसेल, तर एकट्या त्या मुद्द्याला बाहेर पडण्याच्या भागात 10 गुण आहेत.

खाणं, शौच, चालणं यांत अडचण नसेल तर तसं सरळ लिहा आणि पुढे जा. ओढूनताणून लिहिलेल्या एका उत्तरामुळे बाकीच्या खऱ्या उत्तरांवरचा विश्वास उडतो.

तुमच्या यजमानांबद्दल. त्यांचा राग मला परका नाही. आपल्या मुलाला कुणी कमी लेखू नये म्हणून बाप असा उभा राहतो. पण हा फॉर्म पाहुण्यांना दाखवायचा नाही, आणि त्यात मुलाच्या लायकीवर शेरा मारायचा नाही. त्याला जगायला कुणाची किती सोबत लागते, एवढंच त्यात आहे. हात पसरण्याचंही म्हणाल तर पिप घरच्या उत्पन्नावर अवलंबून नाही. लक्षाधीशाच्या मुलालाही ते मिळतं, कारण अपंगत्वामुळे होणारा जास्तीचा खर्च ते भरून काढतं. एक करून पाहा. एका शनिवारी तुम्ही दिवसभर बाहेर जा. कपडे काढून ठेवू नका, डबा करून ठेवू नका, मागे फोन करू नका. संध्याकाळी यजमानांनीच चार प्रश्नांची उत्तरं लिहावीत. मला वाटतं, त्यांचं लिखाण तुमच्यापेक्षा स्पष्ट असेल, कारण त्यांना ते पहिल्यांदाच दिसेल.

मुलाशीही बोला. तो 16 चा झाला, म्हणजे मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट 2005 हा स्वतःचे निर्णय घेण्याच्या क्षमतेबद्दलचा कायदा त्याला लागू झाला आणि स्वतःबद्दलच्या गोष्टींत त्याचं म्हणणं कायद्यानेही विचारात घ्यावं लागतं. सगळा फॉर्म वाचून दाखवायची गरज नाही, तो ऐकून खट्टू होईल. ‘तुला कशात मदत हवी असते ते आपण लिहितोय’ एवढं सांगा आणि त्याला कठीण काय वाटतं ते विचारा. त्याने सांगितलेलं एखादं वाक्य त्याच्याच शब्दांत फॉर्मवर घाला.

अ‍ॅपॉइंटीचं, म्हणजे त्याच्या वतीने भत्त्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या अधिकृत व्यक्तीचं, काम आधी उरका. डीएलए त्याच्या वतीने तुम्ही सांभाळत होतात, पण 16 नंतर ते आपोआप चालू राहत नाही. त्याला स्वतःचे हे व्यवहार कळत नसतील तर डीडब्ल्यूपीला कळवून रीतसर अ‍ॅपॉइंटी व्हावं लागतं, मगच फॉर्मवर तुमची सही चालते.

फॉर्मसोबत ईएचसीपी, शाळेच्या मानसशास्त्रज्ञांचा अहवाल, स्पीच थेरपिस्टचा अहवाल यांच्या प्रती जोडा. मूळ कागद पाठवू नका. हे अहवाल लांबलचक असतात आणि शाळेच्या भाषेत लिहिलेले असतात, तेव्हा कामाची वाक्यं अधोरेखित करा आणि आपल्या उत्तरात ‘अहवालाचं पान 7 पाहा’ असं लिहा. शाळेतल्या सेन्कोंना (खास गरजा असलेल्या मुलांची सोय बघणाऱ्या शिक्षकांना) अर्ध्या पानाचं पत्र मागा, मात्र ‘गुणी मुलगा आहे, खूप प्रगती केली’ असलं पत्र नको. वर्गात कोण शेजारी बसतं, सूचना किती वेळा सांगाव्या लागतात, शाळेच्या सहलीला त्याच्यासोबत वेगळं माणूस लागतं का, हे त्यांनी लिहावं. चौकट अपुरी पडली तर जादा कागद जोडा, प्रत्येकावर मुलाचं नाव आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर घाला. फॉर्म परत पाठवायला साधारण एक महिना असतो, तारीख पत्रावर छापलेली असते. जमणार नसेल तर तारीख उलटायच्या आधी फोन करून मुदत मागा. पाठवण्यापूर्वी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

नंतर बहुधा असेसमेंट (तपासणीची मुलाखत) होईल, फोनवर, व्हिडिओवर किंवा समोरासमोर. इथे माझी सगळ्यात मोठी काळजी अशी, की अशी मुलं अनोळखी माणसाच्या प्रश्नाला ‘येस’ म्हणतात. ‘तू स्वयंपाक करतोस का?’ येस. ‘बसने जातोस का?’ येस. समोरच्याला खूश करायचं असतं, किंवा प्रश्न कळलेला नसतो. म्हणून फॉर्मच्या शेवटी जादा माहितीच्या जागेत आत्ताच लिहून ठेवा: ‘त्याला समजलं नाही तरी तो हो म्हणतो. कृपया त्याच्या उत्तरांची माझ्याकडून खात्री करून घ्यावी.’ त्या दिवशी शेजारी बसा आणि चुकीचं उत्तर आलं की तिथल्या तिथे नम्रपणे दुरुस्त करा. तुम्हाला स्वतःला इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल तर आधी कळवून दुभाषी मागता येतो. मागा. पोटतिडकीचं बोलणं आईला मराठीतच नीट सांगता येतं.

हा सल्ला वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. ज्यांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) ही अट आहे त्यांनी पिपचा अर्ज करू नये, त्याने पुढे व्हिसाचं काम अडू शकतं. आधी इमिग्रेशनचा जाणकार गाठा. आणि स्कॉटलंडमध्ये पिपऐवजी अ‍ॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे. त्याचा फॉर्म निराळा असला तरी विचारायची कामं जवळजवळ हीच.

ताई, एकटीने बसू नका. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेकडे पिपचे फॉर्म भरायला मदत मिळते, मेनकॅप ही संस्था लर्निंग डिसॅबिलिटीवरच काम करते, काही कौन्सिलांमध्ये वेल्फेअर राइट्सचे सल्लागार असतात. तुमच्या मराठी टिपणाची वही घेऊन जा. निकाल मनासारखा नाही आला तर पत्रावरच्या तारखेपासून एका महिन्यात मँडेटरी रिकन्सिडरेशन (निर्णयाचा फेरविचार) मागायचं, आणि असेसमेंटचा अहवालही मागवून घ्यायचा. त्यात कुठल्या कामाबद्दल काय मत नोंदवलं आणि का, ते असतं. तुमच्या फोटोंशी ताडून बघा, जिथे फरक दिसेल तिथे प्रसंग आणि पुरावा देऊन उत्तर लिहा. तरीही नाकारलं तर स्वतंत्र ट्रिब्युनल आहे, तिथे अपील करायला फी लागत नाही. आणि रोजच्या जगण्याच्या भागाचं पिप मंजूर झालं, तर आठवड्याला 35 तास किंवा जास्त त्याची देखभाल करणाऱ्या तुम्ही केअरर्स अलाउन्सला पात्र आहात का, तेही त्याच सल्लागाराला विचारून घ्या.